अर्धं पत्र

अजमानच्या इंडस्ट्रियल एरियात
रंगाच्या गोदामाला आग लागली त्या रात्री
समोरच्या गच्च्या भरल्या होत्या.
कुणी खुर्ची आणलेली. कुणी मुलाला खांद्यावर घेऊन
‘ते बघ, ते बघ’ करत होता,
चांदोमामा दाखवावा तसं.
खालच्या कॅफेटेरियात मोइदूचा कडक चहा
नेहमीच्याच भावाने, पण पातेल्यावर पातेलं.
दूध संपलं तेव्हा तो जरा ओशाळला.

मीही फोन उंच धरलाच होता.

पहाटे मुंबईच्या चॅनेलचा फोन:
‘त्यात आपला माणूस कोणी?’
होता. अश्फाक पावसकर, फोर्कलिफ्टवाला,
दाभोळ खाडीपलीकडचा.
‘अजमान नको, दुबई म्हणू. अजमान कुणाला कळतंय?
आणि शेवटचा फोन बायकोलाच केला असेल ना?’
शेवटचा फोन त्याने एसी दुरुस्तीवाल्याला केला होता.
जळलाही नव्हता तो. धुराने गेला, झोपेत.
ह्यातलं काहीच त्यांच्या कामाचं नव्हतं.
दिवसभर पडद्यावर ज्वाळा दिसत राहिल्या
दुसऱ्याच कुठल्या तरी आगीच्या.

मी चिडलो.
टायरच्या दुकानात हिशेब लिहीत असलो तरी
मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी माझी कथा असते.
म्हटलं, ह्याला माणसासारखं लिहू.
अख्खा उन्हाळा लिहिलं.
गच्च्यांना सोडलं नाही, चॅनेलला सोडलं नाही,
फोन उंच धरणाऱ्या हातांवर तर दीड पान.
आणि शेवटी, कथा कुठे तरी टेकवावी लागते म्हणून
अश्फाकच्या खिशात एक पत्र ठेवलं.
मुलीला लिहिलेलं. पेन्सिलीने. अर्धंच.

(खिशात किराणाची पावती होती:
खुबूस, दही, दाढीची पाती.)

मंडळाच्या हॉलमध्ये वाचलं तेव्हा
मागच्या रांगेतलं बाळसुद्धा गप्प झालं.
नाडकर्णीबाईंनी समोशाची बशी खाली ठेवली.
‘ते पत्र,’ म्हणाल्या, ‘फार म्हणजे फारच हो,’
आणि डोळे टिपून बशी परत उचलली.
मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू,
घरी येऊन तेवढाच परिच्छेद
मी पुन्हा दोनदा वाचला.

फेब्रुवारीत त्याचा मेहुणा आला, सामान न्यायला.
एक बॅग, दोन चादरी, इस्त्री.
पाव्हणा मुखदुर्बळ. सही केली, चहा घेतला,
थंडी यंदा कमी आहे म्हणाला.
मग दारात चपला चढवता चढवता,
माझ्याकडे न बघता:
‘अंक पोचला आमच्याकडं. शाळेच्या सरांनी
वाचून दाखवला सगळ्यांना.
शमशाद विचारते,
ते पत्र पोलिसांकडं आहे,
का तुमच्याकडं?’