पासंग

पथारीवर मिरची पसरली
की नंदुरबारात वारासुद्धा शिंकतो.
मी तोलार. चौदा वर्षं या काट्यापाशी उभा.
बाया देठ खुडून टोपल्या आणतात,
मी किलो सांगतो, मुनीम लिहितो.
मापाच्या पारड्याखाली एक दगड बांधलेला असतो,
पासंग म्हणतात त्याला.
काटा खरा करण्यासाठी असतो.
आमचा जरा जास्तच खरा होता.

गेल्या साली कुण्या संस्थेनं आमच्या गल्ल्या निवडल्या.
वर्षभर, महिन्याला माणशी बाराशे.
ना दाखला, ना रांग,
ना कुणाला गरिबी सिद्ध करायची.
सुपडाबाईला बाराशे, मला बाराशे,
आणि पेढीमागंच राहतात म्हणून भिकचंद शेठनाही.

शेठ मोबाइलवरचा मेसेज दाखवून हसले :
दोन्ही पारड्यांत सारखंच टाकलं
तर काटा कुठं हलतो, तोलारभाऊ?

मला उत्तर सुचलं नाही.
काट्याचं तर मलाच कळायला हवं होतं.

कुणी दारूत घातले म्हणतात. असतील.
रायकीनं सासूची दुखरी दाढ काढून घेतली.
आमच्या घरमालकानं भाडं शंभरानं वाढवलं,
बाराशे त्यालाही मिळत होतेच.
आमच्या चहात दूध दिसू लागलं.

मग पौषात एका सकाळी
सुपडाबाई आली, बोटं तिखटानं सुजलेली,
आणि टोपली पारड्यात ठेवलीच नाही.
कमरेवर धरून म्हणाली,
"पहिले तो दगड सोड, भाऊ."

मुनीम ओरडला, मग जा दुसरीकडं!

"जास ना. महिनाना दाना शे घरमा."

एवढंच. आवाजही चढवला नाही.
तिच्यामागं सात जणी होत्या.
चौघींनी टोपल्या खाली टेकवल्या,
तिघी नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या.

मी शेठकडं पाहिलं नाही.
दूध, भाडं, पोराची फी,
मनातल्या मनात महिना मोजला,
आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा
काट्याखाली वाकलो.
गाठ जुनी. नखानं सुटेना.
सुपडाबाईनंच कोयता दिला.

फाल्गुनात संस्थेचं वर्ष संपतंय.
शेठचा हिशेब मला अजून खोडता आलेला नाही.
दगड माझ्या घरी आहे, उंबऱ्याशी,
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून.
चैत्रात कुणी परत मागायला आलं
तर काय सांगायचं,
ते रोज आत-बाहेर करताना
त्याला पाय लागतो तेव्हा आठवतं.