भिंत पाठ करते

दिव्यानं सावली पडते, हे इथं विसरायचं.
कॅमेरा आधी रिकामी भिंत पाठ करतो,
मग भिंतीत जे नव्हतं
ते काळं रंगवतो. एवढंच.
दोनशे ओळींचा कोड, माझाच,
रावपुऱ्यातल्या खोलीत, मांडीवर लॅपटॉप भाजत असताना लिहिलेला.

प्रमिलाताई शिंगरे पहिल्या दिवशी म्हणाल्या,
"मी नाचले की सावली. आणि थांबले तर?"
थांबलात तर पुसाल, ताई. हळूहळू.
दोन मिनिटांत भिंत तुम्हाला आपलंच मानते.
"दोन मिनिटं? सासरी मला वीस वर्षं लागली,"
आणि घुंगरू बांधायला बसल्या,
ऑपरेशन झालेला गुडघा लांब सोडून.

गोदाम विश्वामित्रीच्या काठावर.
पुलावरून मगर दिसते म्हणतात, मला कधी दिसली नाही.
केयूर म्हणतो, दिसते रे,
तू ती हलायची वाट बघतोस, म्हणून चुकतोस.

प्रयोगाच्या दिवशी
मंगीबेन स्टेज झाडून डाव्या कोपऱ्यात टेकल्या,
पाठ भिंतीला, झाडू मांडीवर.
मी वायरींत होतो.
भिंत पाठ होत होती.
तिसऱ्या घंटेला त्या उठून गेल्या

आणि जिथं कुणीच नव्हतं तिथं
एक बाई बसलेली. काळी. झाडूसकट.

रीसेटवर माझं बोट.
ताईंनी मागं न बघताच तळहात दाखवला: थांब.
मृदंग अलारिप्पूचं वाजवत होता,
त्या नाचत गेल्या नाहीत, चालत गेल्या,
त्या सावलीला खेटून खाली बसल्या,
कामं आटोपल्यावर शेजारणीपाशी बसावं तशा,
आणि थांबल्या.
पापणीसुद्धा नाही.
पन्नास वर्षांच्या नाचात इतकं अवघड
त्यांनी काही केलं नसेल.
मृदंगवाल्याचे हात हवेतच राहिले.

आधी झाडू गेला.
मग मंगीबेनचा खांदा, पदर, डोकं.
मग ताईंच्या कडा भुरकट व्हायला लागल्या,
गेलेल्या बाईच्या झाल्या होत्या
अगदी तशाच. माझ्या कोडला
गेलेली आणि बसलेली यांतला फरक कळत नाही.

कोरी भिंत. समोर एक बाई, सावलीवाचून.
कुणीतरी खोकलं, ते पण अर्धंच.
तिनं करंगळी हलवली.
भिंतीवर फक्त करंगळी.

टाळ्या नेमक्या कशाला पडल्या, मला सांगता येणार नाही.

सामान आवरताना मंगीबेन दारात, चपला हातात.
"एमां हुं हती ने?"
हो, म्हटलं. चुकून.
चूक कुठं आहे मला माहीत आहे, एकशे बाराव्या ओळीत,
पाच मिनिटांचं काम.
त्या भिंतीकडे बघत होत्या.
"काले पण बेसुं?"

सहाला या, म्हटलं.