वरचे पाच सेंटिमीटर

उद्या कपाटाची किल्ली परत करायची.
आत तीनशे चाळीस पुड्या माती,
संत्रा बर्फीचे दोन जुने डबे,
एकात कोळसा, एकात जळकं कोदो,
आणि एक उंदीर, ज्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.
बोकडे बाबू दारातून विचारतात,
"मॅडम, माती निर्लेखित करायची का?"

चौतीस वर्षं.
बरोबरीच्यांना मणी सापडले, लोखंडी कड्या सापडल्या,
शिळावर्तुळाशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतले.
मला परागकण.
चारशे पट मोठे केल्यावर कुठे दिसतात ते,
आणि दिसल्यावर फक्त मोजायचे असतात.
मामी म्हणायची, एवढं शिकून पोरगी चिखलच चाळते.
खरंच होतं ते. चाळतच होते.

हिंगण्याच्या पलीकडे घोटीपारचा तलाव.
मे महिना, पाणी मागे सरलेलं,
खिशात कांदा, डोक्याला ओला दुपट्टा,
आणि फागू मडावी गाळात पाइप ठोकतोय,
घोट्यापर्यंत रुतलेला, अनवाणी.
काठावर मोहाची जुनी झाडं.
मी सहज म्हटलं, मूळचं जंगल दिसतंय हे.
तो घण खाली न ठेवताच बोलला,
"मोहा कोनी लावत नाही, मॅडम.
पन कोनी तोडत बी नाही."

मी वहीत लिहिलं नाही.
लिहिलं ते: पाइप क्रमांक तीन, खोली दोन मीटर दहा.

मग अकरा वर्षं.
खालच्या थरात ऐन, धावडा, सालई, सगळं दाटीनं.
वर येता येता ते विरळ होतात,
गवत वाढतं, राखेची एक बारीक रेघ,
मग धान, मग तण, जे धानाशिवाय राहत नाही,
आणि मोह, हट्टानं, वाढतच गेलेला.
टेकाडावरच्या चुलींत सगळ्या झाडांचे कोळसे होते.
मोहाचा एकही नाही.
कोणीतरी दर थंडीत कुऱ्हाड घेऊन निघालं होतं
आणि दर वेळी एका झाडाला वळसा घालून गेलं होतं.
हजारभर वर्षं.
ज्याला मी जंगल म्हणत होते
तो वळसा होता.

अहवालात पान बेचाळीसवर फागूचं वाक्य आहे,
टक्केवारीत.
टाळ्या पडल्या. चहाबरोबर सांबारवडी होती.

आज पुड्या काढताना मजुरीच्या पावत्या निघाल्या.
दिवस नऊ, दर अठ्ठावीस रुपये,
खाली जांभळा अंगठा.
एवढाच कागद त्याचा माझ्याकडे.
भिंग हाताशी होतं, सवयीनं लावलं.
रेषा गोल गोल, तलाव आटत जाताना
काठाशी उमटतात तशा.
मधोमध एक आडवा व्रण, कशाचा ते विचारायचं राहिलं.

आमच्या कामात एक नियम आहे.
पाइप उघडला की वरचे पाच सेंटिमीटर काढून टाकायचे.
तो भाग बिघडलेला असतो, तुडवलेला,
त्यात कोराडीची राख, गाजरगवत, गुटख्याची पुडी.
पोरांना मीच शिकवलं, चमचा कसा धरायचा, कुठे थांबायचं.
कोणी तुडवलेला, हे एकाही पोरानं विचारलं नाही
आणि मीही नाही.

घोटीपारचा तो चिखल मात्र मी फेकला नव्हता.
कंटाळा असेल, किंवा त्या दिवशी लाइट गेली असेल.
सगळ्यात खालच्या फळीवर, प्लास्टिकमध्ये, खडखडीत वाळलेला,
त्याच्यावर माझंच अक्षर: टाकणे.

बोकडे बाबू अजून उभे आहेत.
त्यांना पाच पस्तीसची बस गाठायची आहे बुटीबोरीची.
मी पेन मागते.
"टाकणे" खोडते, काट मारलेली दिसू देते,
पावती घडी करून आत सरकवते.

घोटीपार. शून्य ते पाच.
फागू मडावी, अनवाणी.

पुढचा रकाना "काळ".
तो तसाच सोडते.