उणे एक

मारेगावच्या अलीकडे, जिनिंगच्या फाटकाशी
वजनकाट्याची टिनाची खोली.
खिडकीत रंजू मडावी,
तिच्या संगणकात झेड नावाचा ड्राइव्ह,
आणि त्याच्या कपाळावर घडोघडी लाल फुली.

मी वणीहून आलो, तिसऱ्यांदा.
पहिल्या खेपेला केबल बदलली,
दोनशे फूट, सरकीच्या ढिगाखालून,
उंदरांनी चाखलेली.
दुसऱ्या खेपेला ऑफिसातल्या मोठ्या संगणकाला
कायमचा पत्ता बांधून दिला,
पासवर्ड पुन्हा शिकवला, कार्डाची झोप मोडली.
गोहोकर बाबू म्हणाले, "आता नाही ना पडत?"
"नाही," म्हणालो. तीनशे रुपये घेतले.
निर्गुडेचा पूल यायच्या आत फोन:
"पडला जी."

आज काहीच उघडलं नाही. स्टुलावर बसलो.
रंजूनं पावतीबुकाची पाठ पुढं केली:
१०.०५ शेवटची गाडी. १०.२० गेला.
११.४० गाडी. ११.५५ गेला.
१२.३० ते २ रांग. गेला नाही.

"पहा न, काम असलं का राह्यते.
पंधरा मिनिटं कोणी बोललं नाही का निघून जाते.
मंग ट्रक उभा, अन् पावती निघत नाही.
मी तं दर दहा मिनिटांनी हाक मारून राहिली त्याले."

हाक म्हणजे एक फाईल, झेडवरच ठेवलेली.
उघडायची, ओळ लिहायची, जतन करायची.

आहे का.
आहे का. चहा नाही आला.
आहे का. काट्यावर चिमणी बसली, वजन शून्यच.
आहे का. बाबू जेवाले गेले.
आहे का. मायचा फोन नाही.
आहे का.

चौदा वर्षं या तालुक्यात तारा ओढतो आहे.
आधी तार बघायची, एवढंच शिकलो.
इथं बिघाड नव्हताच, नियम होता:
समोरून मागणं आलं नाही
तर देणाऱ्यानं हात सोडायचा.

ऑफिसात जाऊन काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली,
शेवटी उणे एक.
शाळेत उणे म्हणजे देणं होतं.
इथं उणे एक म्हणजे कधीच नाही,
कधीच सोडू नकोस.

"एका ओळीचे किती?" गोहोकर बाबू.
"रंजूले विचारा," म्हणालो.

काट्यावर परतलो तर ट्रॅक्टर लागलेला.
"पुढं घ्या. अजून. बस."
पावती निघाली. ट्रॅक्टर गेला.
मग पंधरा मिनिटं. सोळा. वीस.
फुली नाही.

"आता हाकेची गरज नाही. फाईल उडवू?"
"राहू द्या न."

तिनं ती उघडली. लिहिलं, आहे का.
आणि बोटं तशीच पाटीवर ठेवून
खिडकीबाहेर पाहत बसली,
पुढची ओळ सुचेना तिला.