प्रस्तुत संशोधिका

पान एकोणनव्वद. डोईफोडे सरांनी
लाल पेनानं 'मी'भोवती गोल काढलाय.
बाजूला: व्यक्तिनिष्ठ. टाळा.

टाळलं.
'मी वसमतला गेले' आता असं आहे:
प्रस्तुत संशोधिकेने वसमत येथे क्षेत्रभेट दिली.
कोण ही बाई, मला माहीत नाही.
तिला एस्टीत मळमळलं नसावं,
हळदीच्या पॉलिशच्या धुळीत
शिंकून शिंकून तिची टाचणं सांडली नसावीत.

प्रतिसादक क्रमांक सतरा
(घरी मी तिला मावशी म्हणते)
दर वाक्यात स्वतः हजर होती.
"म्या शिजिवली, म्या वाळविली, ढोल म्या फिरविला,
अन् अडत्याच्या पट्टीवर नाव त्याचं.
लिव्ह की."
लिहिलं: हळद शिजवली जाते. वाळवली जाते.
कोणाकडून, ते न सांगताही
मराठीत वाक्य पुरं होतं.
सर म्हणाले, हं, आता शास्त्रीय वाटतंय.

'असे आढळून आले' तर चौसष्ट वेळा.
हरवलेलं करडू
आपसूक दारात येऊन उभं राहावं तसं,
जणू शोधायला कुणी गेलंच नव्हतं.

काल नांदेडला, बाइंडिंगच्या आधी,
छापील प्रतिज्ञापत्र हातात आलं:
मी असे लिहून देतो की
सदर संशोधन माझे स्वतःचे आहे.
इथं मात्र 'मी' लागतोच म्हणे,
त्याशिवाय खिडकीवर प्रत घेत नाहीत.

झेरॉक्सवाल्याचा पेन मागून घेतला.
'देतो'चा काना खोडला.
मात्रा राहू दिली.