फुटाला एक सूत

उद्यमबागेत, तिसऱ्या गल्लीच्या टोकाला,
जिथे भट्टीचा धूर आणि कॅन्टीनमधली मिरचीची फोडणी
एकाच खिडकीतून आत येते,
तिथे मला एक टेबल मिळालं.
सोळा आठवड्यांची मुदत. माझ्यासकट पाच माणसं.
काम : फाउंड्रीतल्या अकराशे लाकडी पॅटर्नांची नोंद,
कुठलं कुठल्या फळीवर, कुठल्या गिऱ्हाइकाचं,
शेवटचं वाळूत कधी दाबलं.

पहिल्याच बैठकीत किल्लेकरसाहेब म्हणाले,
'सोपं आहे. मल्लाप्पाला सगळं ठाऊक आहे.'
मी वहीत लिहिलं : सोपं आहे.
ती ओळ नंतरही खोडली नाही.

मल्लाप्पा बडिगेर. एकेचाळीस वर्षं रंध्यावर.
घरी कन्नड, लेथवाल्यांशी मराठी,
सागवानाशी दोन्ही.
'याचा नंबर काय?'
'ह्यो? हत्तीचा कान.'
'आणि हा?'
'रुसलेला जावई. बसतच न्हवता की ओ,
तीनदा घासला तवा बसला.'

इरफान मुल्लाने स्क्रीनवरून मान न काढता सांगितलं,
'ड्रॉइंग नंबरला बारा अक्षरं आहेत, मॅडम.
जावयाला जागा नाही. करारात नाही.'
मल्लाप्पा बघत राहिला. मग म्हणाला,
'नंबर पुसतोय हो तेलाच्या हातानं. नाव न्हाई पुसत.'

दहाव्या आठवड्यात भिंतीवरच्या तक्त्यात
हिरवं काही उरलं नव्हतं.
साहेबांना मध्येच मोबाइलवर पाहिजे होतं, 'एवढंसंच'.
श्रेयस हुंदरे पुण्याला गेला
आणि त्याच्या डोक्यात जे होतं तेही
राणी चन्नम्मा एक्सप्रेसने नाही, त्याच्याच बॅगेतून गेलं.
मी माणसं वाढवली तर काम वाढलं.
मी बैठका वाढवल्या तर चहा.

एका दुपारी भाकरी सोडताना पाहिलं,
मल्लाप्पाच्या बाकावर दोन पोलादी पट्ट्या.
दोन्हींवर एक फूट लिहिलेलं,
शेजारी ठेवल्या तर एक जराशी लांब.
'ही चुकीची आहे?'
'चुकीची कशाला? तापलेलं लोखंड थंड हुताना आकसतंय.
फुटाला एक सूत. पितळंला दीड.
आदीच मोठं धरायचं, मग माल बरोबर येतोय.'
'हे कुठे लिहून ठेवलंय?'
'पट्टीतच हाय की.'

संध्याकाळी मी माझे सोळा आठवडे बाहेर काढले.
तापलेल्या खोलीत मोजलेले,
सगळे माना हलवत असताना,
शाळेच्या पट्टीने.

साहेबांना सांगितलं, एकोणीस.
ते बराच वेळ काचेच्या पेपरवेटशी खेळले.
'आठवडे घ्या. पैसे सोळाचेच.'
मी भांडले नाही याची मला अजून लाज आहे.

त्या रात्री इरफानने न सांगता एक रकाना वाढवला.
बिलात नाही, करारात नाही.
त्याचं नाव ठेवलं : 'म्हणतात'.
कुठल्याही लिपीत लिहा, ळ चालतो, ಳ पण चालतो.
मल्लाप्पा बोलत गेला, प्राची टाइप करत गेली,
चार रात्री, अकराशे नावं,
त्यातली तीसेक बायकांसमोर सांगण्यासारखी नव्हती,
ती त्याने इरफानच्या कानात सांगितली.

सोमवारी पहिल्या पाळीला सुरू झालं.
कोअर शॉपमधल्या पोराने टाकलं, हत्तीचा कान.
रॅक सात, खालची फळी.
टाळ्या वाजल्या. पोरगा पळत गेला,
पळत परत आला.
फळी रिकामी.

'हां, ते,' मल्लाप्पा म्हणाला,
'वाळवी दिसली म्हणून काल हालवलं.'
शनिवारपर्यंत आमची यंत्रणा अचूक होती.
'मग हालवलं की ह्यात सांगायचं कुणी?'
'तुम्ही,' मी म्हणाले.
'मी मार्चला निवृत्त.'

कुणी बोललं नाही. भट्टी उघडल्याचा आवाज आला.
जाताना त्याने लांब पट्टी माझ्या टेबलावर ठेवली.
तिची नोंद
अजून कुठल्याच रकान्यात केलेली नाही.