कडता

गेनूभाऊ पोमण आमदार होते,
हे गुलटेकडीत आता बहुतेक मलाच माहीत.

पाच वर्षं. एकच खेप.
पुढं तिकीट मिळालं नाही, अपक्ष उभे राहिले, पडले.
अनामत वाचली, तिची शेळी घेतली,
ती मात्र दर वेताला जुळी देत राहिली,
हे त्यांचंच सांगणं.

विधानसभेत ते किती बोलले, ठाऊक नाही.
एक प्रश्न माहीत आहे, कारण त्यात मी होतो.
नावानं नाही. "तोलणार" म्हणून.
वाटाण्याच्या पोत्यामागं दोन किलो कडता
कुठल्या नियमानं कापतात?
छापील उत्तर आलं :
माहिती घेण्यात येत आहे.
त्या हप्त्यात आडत्यानं मला दोनदा चहा पाजला.
म्हणाला, हात आहे तसाच राहू दे.
राहिला.

तेव्हा तागडी होती. आता लाल आकडे पळतात,
हात तोच.

परवा पहाटे ते टेम्पोतून उतरले,
दिवे घाटाचा गारठा मफलरीत घेऊन.
सात पोती. नातू मोबाईलात.
"ओ बाबा, वाट सोडा," हमाल खेकसला,
आणि त्यांनी सोडली, लगेच,
टोपी सावरत.

पहिलं पोतं चढलं. बावन्न आठशे.
मी बावन्न आठशेच लिहिलं.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा.
वाटलं, बघतील, काहीतरी बोलतील.

बोलले. "मागच्याचा कापलास ना?"
मी गप्प.
"मग माझाही काप. पण पट्टीवर लिही."

पट्टीत हमालीला रकाना आहे,
तोलाईला आहे, आडतीला आहे.
कडत्याला नाही. कधीच नव्हता.
मी समासात लिहिलं, तिरकं, जागा पुरेना तसं :
सात पोती, कडता चौदा किलो.
"सही?"
केली. बोटं कापत होती, थंडी होती म्हणा.

त्यांनी कागद लांब धरून वाचला,
घडी घातली, आतल्या खिशात ठेवली,
बाहेरच्या खिशातून मूठभर शेंगा काढून
माझ्या वहीवर ठेवल्या.
"ह्या तोलू नकोस," म्हणाले.

मागं रांगेत कुणीतरी ओरडत होतं.
मी पुढचं पोतं चढवायला सांगितलं.
पेन हातात होतं,
आणि समास अजून बराच कोरा.